शिडी

एनोकच्या बापानं धक्क्याला शिडी ठोकली
तेव्हा तिला नऊ पायऱ्या होत्या.
आता अकरा आहेत.
शिडी वाढली ती खालच्या बाजूनं.

मी दर जूनमध्ये येते, हेलिकॉप्टरनं,
गावामागच्या कातळात रोवलेल्या यंत्राची बॅटरी बदलायला.
यंत्र एवढंच सांगतं : कातळ किती वर आला.
गेल्या वर्षी, अंगठ्याच्या नखाएवढा.
एनोक हसतो.
"त्यासाठी यंत्र कशाला? मला विचारायचं.
होडीत उतरताना गुडघे सांगतात."

पूर्वेला तो आहे, सेर्मेर्सुआक, मोठा बर्फ.
येताना खिडकीतून दिसला :
कडा काळवंडलेल्या, काजळी, धूळ, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ.
पांढरा होता तोवर ऊन आल्या पावली परत पाठवायचा,
आता ठेवून घेतो.
पाठीवर निळी तळी.
एखादं तळं एका रात्रीत गायब होतं,
भेगेतून थेट तळाशी,
आणि एवढं मोठं धूड
ओल्या फरशीवर पाय सटकावा तसं
समुद्राकडे सरकतं.

"जगात पाणी वाढतंय म्हणतात," पानिंग्वाक विचारते,
"मग आमचंच का उतरतं?"
तेरा वर्षांची आहे. हातात माशाची सुरी.
मी सांगते : बर्फ जड होता,
इतका जड, की समुद्रालासुद्धा स्वतःकडे ओढून धरायचा.
आता पकड सैल होतेय.
सुटलेलं पाणी दूर जातं,
जिथं कुणी बर्फ पाहिलेला नाही, तिथं.
आणि ओझं उतरलं की जमीन पाठ सरळ करते.
ती खवले काढत राहते.
"म्हणजे आमच्याकडून गेलं," म्हणते.
प्रश्न आहे की कबुली, कळत नाही.

रात्री, म्हणजे उजेडातच, एनोक कॉफी ओततो.
मार्गिटला जाऊन दोन हिवाळे झाले.
"गादीत तिच्या बाजूला खळगा होता.
परवा हात फिरवला, भरत आलाय.
मी काही केलं नाही. आपोआप."
माझ्या मांडीवर आलेखाचा कागद.
रेघ वर चाललेली.
मी तो उलटा ठेवते.

सकाळी ओहोटीला तो बारावी पायरी ठोकतो.
कुठल्यातरी किनाऱ्यावर या वेळी
कुणी भिंतीवर विटांचा आणखी एक थर चढवत असेल,
वरच्या बाजूनं.
पानिंग्वाक शेजारी उभी आहे, खिळे ओठांत धरून,
म्हणून तिला
काही विचारता येत नाही.