तीनवर वळवायचं

मुहर्रकच्या लष्करी दवाखान्यात खिडकी उघडत नाही.
काचेपलीकडे समुद्र आहे म्हणतात.
मला दिसतो पार्किंगचा पत्रा
आणि दुपारी त्यावर थरथरणारं ऊन.

खाट नऊ. दुऐज. वय बावीस.
गाडीखाली सुरुंग.
उशाशी मारितेसच्या वळणदार अक्षरात पाटी:
डाव्या बाजूला हाड नाही.
कवटीचा तो तुकडा त्याच्याच पोटात शिवून ठेवलाय,
सरहद्दीवरच्या तंबूत कुणीतरी घाईघाईने,
कनवटीला किल्ली लावावी तसा.
स्पंज करताना हाताला लागतो.

छातीच्या सहाव्या मणक्याखाली काही नाही.
रोज सकाळी कापूस नि टाचणी घेऊन
मी अंगठ्यापासून वर वर येते,
पापणी हलते तिथे बॉलपेनने रेघ मारते.
काल होती तिथेच.
पुसते, पुन्हा मारते.
दाभोळच्या धक्क्यावर अब्बा कोळशाने
भरतीची खूण करायचे.
ती तरी रोज हलायची.

दर दोन तासांनी त्याला वळवायचं.
चौघांनी, ओंडक्यासारखं,
मान, खांदा, कंबर, पाय एका रेषेत,
कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.
डोकं धरेल त्यानं मोजायचं, असा नियम.
डोकं माझ्याकडे.
शिबू मनात मल्याळीत मोजत असेल, मारितेस तगालोगमध्ये,
चौथं जे सापडेल ते.
माझ्या तोंडी घाईत दुसरं येतच नाही:
एक. दोन. तीन.
तीनला तो वळतो.
तीनला दुखतं,
जिथवर दुखू शकतं तिथवर.
रात्री दोनला, चारला, सहाला.
एकावन्न दिवस.
तक्त्यात आवाजापुढे आकडा नाही, नुसती नळीची खूण.

त्या दिवशी गळ्याच्या नळीला पहिल्यांदा झडप लावली.
वळवायला उभे राहिलो.
एक, म्हटलं मी. दोन, म्हटलं.
आणि माझ्या दोन तळव्यांमधून,
गंजलेल्या बिजागरीसारखं,
तो म्हणाला: तीन.

हात थांबले. सुटले नाहीत, थांबले.

पडद्याबाहेर उम्म दुऐज होती.
धावत आत आली, अबायाचं टोक खाटेच्या चाकात.
तीन म्हणाला! तीन!
माझा पोरगा अंजीर मागतोय!

तिच्या भाषेत तीन म्हणजे अंजीर.
मला ठाऊक होतं. मदरशात
अर्थासकट घोकलेल्या थोड्या शब्दांतला तो एक.
सांगायला तोंड उघडलं,
की बाई, हा आकडा आहे, माझ्या गावचा,
दुखण्याच्या आधी तुझ्या मुलाला तो ऐकू येतो.
मारितेस माझ्याकडे बघत होती.
मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी करंडीच आली, बुदैयाच्या मळ्यातली,
जांभळी, देठाशी अजून चीक.
गिळता येत नाही त्याला, महिनाभर तरी नाही.
एक फोडून नाकाशी धरलं.
नाकपुड्या हलल्या.
वासाने की एसीच्या वाऱ्याने, ते लिहिता येत नाही.
बाकीची आम्ही खाल्ली. शिबूने सहा.

संध्याकाळी सर्जन आले.
बोलला?
बोलला.
समजेल असं?
तक्त्यात त्यालाही रकाना आहे:
शब्द येतात, संबंध लागत नाही.
त्याचे गुण तीन.
मी तीन लिहिलं.

आठला वळवायचं होतं. चौथं कुणी सापडेना.
मी डोकं धरलं,
ती मऊ बाजू अंगठ्यापासून लांब ठेवून.
एक म्हटलं. दोन म्हटलं.
आणि पुढचं न म्हणता थांबले.
शिबू वाकलेला, मारितेस वाकलेली,
पायांशी उम्म दुऐज, बाह्या वर सारून.
माझ्या मोडक्या अरबीत तिला आधीच सांगून ठेवलं होतं:
तो अंजीर म्हणाला, की उचल.