एककाचा रकाना

सलंगीवरून पाणी जात होतं तिसऱ्या दिवशीही.
काठी रोवली : खोली सत्तावीस सेंटिमीटर.
थर्माकोलचा तुकडा सोडला, मोबाइलवर सेकंद धरले,
वेगाला भागलं लाटेच्या वेगानं.
वर मीटर-सेकंद, खाली मीटर-सेकंद,
दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं.
उरला नुसता आकडा,
अंगावर कपडा नसलेल्या पोरासारखा :
शून्य पूर्णांक आठ.

सुगरताबाई मारबते टोपली कमरेला लावून बघत होत्या.
"केवढा आला?"
"एकाहून कमी."
त्यांनी खाली वाकून गोटा उचलला, टाकला.
वर्तुळ खाली ओढलं गेलं, लांबट झालं,
पण त्याची एक कड
हळूहळू, रांगत, आमच्याकडं वर आली.
"पायलं? वर येऊन रायली ना.
येथून उतरता येते."

मग उतारावर, जिथं पाणी काचेसारखं पातळ होतं,
दुसरा गोटा.
वर्तुळ सबंधच्या सबंध वाहून गेलं.
"तेथं पाय घालाचा नाही.
तेथं खालची गोष्ट वरच्याले समजत नाही."

मी तिथं काठी रोवायला गेलो नाही.
त्यांच्या आजीनं हे वितीनं मोजलं असतं
तरी विती वर, विती खाली,
आकडा तोच निघाला असता.
आणि बहुतेक आजीनं मोजलंच नसतं.

पाळीवर मोहाखाली झोलबा बिडी ओढत होता.
धूर चार बोटं सरळ,
मग एकाएकी पिसाटलेला.
त्याचाही एक आकडा असतो,
तोही असाच, बिनएककाचा.
मी काढला नाही.
झोलबानं बिडी विझवून कानावर ठेवली.

साकोलीच्या कार्यालयातून तक्ता परत आला :
"एककाचा रकाना रिक्त आहे.
पूर्तता करून फेरसादर करावे."
मी आडवी रेघ मारून पाठवला.
रेघेला लाल गोल पडून आला.

सोमवारी पुन्हा तलावावर. पाणी ओसरलेलं,
सलंगीच्या दगडांवर शेवाळ,
सुगरताबाई जाळं झटकत होत्या.
सांगितलं त्यांना.
हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या,
"गोटा लिव ना."

पेन्सिलीनं लिहिलं मी : गोटा.
एसटी साकोलीत शिरताना खोडलं.
नीट खोडलं गेलं नाही, करडा डाग राहिला,
त्या डागावर
परवा साहेबांची सही झाली.