तिरपा गुण्या

दहावीला भूमितीत मला सहा मिळाले, चाळीसातले.
त्यातले दोन आकृती नीट काढल्याचे.

मग कुपवाड रोडला
दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात लागलो.
तिथं अँगल वीस फुटी येतो
आणि किलोवर मिळतो.

चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले,
"सर्ज्या, दोन आडव्यांच्या मधी तिरपी पट्टी घालायची
तर माप एकदाच घ्यायचं.
खालच्या टोकाला जेवढं, वरच्या टोकाला तेवढंच,
फकस्त उलटं.
का ते मला इचारू नको. बसतंय."

बसत होतं.
शेजारी दुसरी पट्टी, तिसरी, चौथी घालताना
गुण्या फिरवायचाही नाही,
खालच्या पाइपावरून नुसता सरकवत न्यायचा.
कटर थांबला की हातात अठ्ठावन्न अंशाचं टोक,
फरशीवर पडलेल्या तुकड्याला एकशे बावीस.
दोन्ही परत जुळवून धरले
तर मूळची सरळ पट्टी, मधे एक काळी रेघ.
ही सगळी नावं मी पाठ केली होती कधीतरी,
संगत, व्युत्क्रम, रेषीय जोडी,
पण माणसं न बघता
नुसती लग्नपत्रिका वाचावी तशी.

पूर ओसरला आणि सांगलवाडीहून निरोप आला,
शाळेचं गेट लागत नाही.
माझीच शाळा.
टेंपोत वेल्डिंगचं मशीन घालून आयर्विन पुलावरून गेलो.
खाली नदी, काहीच केलं नाही अशी.

शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती,
छातीएवढ्या उंचीवर, पार संडासापर्यंत,
पट्टी न लावता एवढी सरळ रेघ
मी कुणाच्या वहीत बघितली नाही.
गेटावर ओंडका आदळला असणार.
डोळ्याला वाटत होतं कायतरी बिनसलंय,
काय ते बोटानं दाखवता येत नव्हतं.
चाचांनी भिंतीच्या रेघेवरून डोळा लावला,
"खालचा पाइप बरोबर हाय."
मी गुण्या खालच्या कोनात बसवला, चाप आवळला,
उलटा करून वरच्या कोनात धरला.

फटीतून उजेड आला.
बारीक, पाचरीसारखा.

मागं आवटी सर उभे होते, पायात गमबूट, हातात खराटा.
"खाली किती?"
"अठ्ठावन्न."
"वर?"
"साठ, सर."
"मग?"
"मग समांतर न्हाईत."
सर थोडा वेळ गप्प राहिले, आणि सवयीनं म्हणाले,
"कारण लिही."

खिशात खुणा करायचा खडू होता.
गंजलेल्या पत्र्यावर लिहायला घेतलं,
व्युत्क्रममधल्या अर्ध्या त-ला खडू मोडला.
उरलेल्या तुकड्यानं पुरं केलं.

गेट आत उघडं होतं, तोंड मैदानाकडं.
पाच फुटी गेट, दोन अंशाची चूक.
दोन्ही पाइप तसेच वाढवत नेले असते
तर दीडशेक फुटांवर भेटले असते कुठंतरी,
म्हणजे ध्वजाचा खांब ओलांडून,
दहावी ब-च्या खिडकीतून आत,
तिसऱ्या बाकाच्या आसपास.
हे मी कुणाला बोललो नाही.

जॅक लावला. चाचा पंप मारत होते,
मी वरच्या कोनाला डोळा चिकटवून.
"हाय का उजेड?"
"हाय."
"आता?"
"जरासा."
"आता?"
"गेला."

जुनी पट्टी सडली होती, नवीन कापून डाग मारले.
ठिणग्यांत माझं कारण जळून गेलं,
शेवटचा म तेवढा राहिला, तो चाचांनी ग्राइंडरनं काढला.

सर जायला निघाले, परत वळले,
फरशीवर पडलेल्या एकशे बावीसच्या तुकड्याकडं बघत,
"हा वर्गावर न्यायला मिळेल का रे?"

"जरा थांबा, सर," मी म्हणालो,
"अजून गरम हाय."