ग्रीस

उम्म अल क्वैनच्या धक्क्यामागे
बु-हमदच्या बोटीचा ट्रेलर आलाय,
डावं चाक घरघरतंय म्हणून.

हब उघडला. ग्रीस कुठलं,
ताक झालंय नुसतं.
हायवेवरून तापत आलेलं चाक
तसंच उतरवलं खाडीत;
एकदम गार होताना ते आत ओढून घेतं
खारं पाणी, सीलच्या फटीतून.
सांगितलं होतं, अर्धा तास थांबा.
थांबतंय कोण, शुक्रवारी.

जुनं पुसून काढतो रॉकेलने.
तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घेऊन
बेअरिंगची कड दाबत राहतो,
एकेका रोलरच्या मागून ते वर येईपर्यंत.
नट आवळायचा घट्ट,
मग केसभर सैल सोडायचा.
हे परकारचाचांनी शिकवलं,
तोंडात न पेटवलेली विडी धरून.

मागच्या रजेत, दोन वर्षांनी गावी उतरलो,
तर स्टँडसमोर आधी चहा प्यायलो.
मग दुसरा.
घराचं कौल दिसत होतं तिथून.
सुमैया नंतर म्हणाली,
रिक्षावाल्याने सांगितलं,
बसला होतास म्हणे.

हाताचा वास तीन साबणांनी जात नाही.