ओ

डिसेंबरात डुलुथला साडेचारलाच अंधार पडतो.
तलावावरचा वारा दार ढकलून आत येतो,
गिऱ्हाईक नसलं तरी घंटी वाजते.
माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आहे ट्रूडी.
ट्रूडी ऑगस्टातच सोडून गेली. नवा बिल्ला
मागवलाय, असं गॉर्डी म्हणतो.
तर मी ट्रूडी.

आर्विड कोस्किनेन आले तेव्हा घंटी खरी वाजली.
बूट झटकले, हातमोजे दातांनी ओढून काढले,
खिशातून चिठ्ठी. नातीचं अक्षर, जांभळी पेन्सिल:
ऑर्बी.
आणि पुढे एक गोल.

"हा पूर्णविराम असावा," ते म्हणाले,
"पोरीचा हात जरा जास्त फिरला."
मी हसले. मला माहीत होतं ना.
वरच्या फळीवरून खोका काढला: ऑर्बी ओ.

खोक्यावर एक पाटी, पाटीवर दोन अंगठे,
मागे सोफ्यावर हसणारं कुटुंब.
आणि यंत्र? ते खोक्याच्या पाठीवर,
बारकोडच्या शेजारी, अंग चोरून.

"यंत्र आहे आमच्याकडे. चार वर्षं झाली.
एवढी पाटी द्या."
"पाटी सुटी येत नाही. हे यंत्रच नवीन आहे."
"पण नाव तर ऑर्बी."
"ऑर्बी ओ."
"ओ म्हणजे?"

कंपनीच्या चित्रफितीत काळ्या स्वेटरमधला एक माणूस
हात पसरून सांगतो, ओ म्हणजे सगळ्यांनी जवळ येणं.
मी तीनदा पाहिली आहे, पगारी वेळेत.
मला एवढंच कळलं
की हाक मारायची एकाला
आणि ओ द्यायची दुसऱ्यानं.

आर्विड चष्मा पुसत राहिले.
अडतीस वर्षं त्यांनी पलीकडच्या गोदीत
जहाजांवर नावं रंगवली.
"जहाज विकलं की नाव बदलतं," म्हणाले,
"पण आधी जुनं खरवडायचं. पार लोखंडापर्यंत.
आळस केलात तर उन्हं तिरपी झाली की
खालचं अक्षर वर येतं,
आणि पुलावरचा माणूस भलत्याच जहाजासाठी पूल उचलतो."

मागे रांग वाढत होती. एक बाई
हीटरपाशी बाळाचं टोपडं वाळवत होती.
मी अर्धा तास समजावलं. चिकाटीनं. प्रेमानंसुद्धा.
तीनशे एकोणचाळीस डॉलर त्यांनी
विसाविसाच्या नोटांत मोजले,
शेवटची सुट्टी नाणी गॉर्डीनं सोडून दिली.

सव्वीस तारखेला घंटी वाजली.
खोका परत, चिकटपट्टी अर्धी उचकटलेली,
आणि खोक्यामागे सिग्ने, नऊ वर्षांची,
समोरचे दोन दात नसलेली.
"तो ओ नव्हता," ती म्हणाली.
"मी चाक काढलं होतं.
गाडीच्या खेळाचं. आमच्या ऑर्बीला लावायचं."

मी गोल पाहिला पुन्हा. जांभळा.
आत बारीक तीन आरे होते,
पेन्सिल बोथट म्हणून पुसट.

चाक सापडलं दाराजवळच्या टोपलीत,
कुणालाच नको झालेल्या वायरींखाली.
सहा डॉलर. त्यातही नाताळनंतरची सूट.
आर्विड काहीच बोलले नाहीत,
त्यांनी फक्त माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि विचारलं,
"हे तरी खरं आहे का?"

मी सांगितलं माझं नाव.
त्यांनी ते एकदा हळूच म्हणून पाहिलं,
अक्षरांना किती जागा लागेल
हे मोजत असल्यासारखं.

सिग्ने चाक दोन्ही हातांत धरून
दाराबाहेर वळली, बर्फात, डावीकडे, मग उजवीकडे.
लांब कालव्यात एका जहाजानं भोंगा दिला.
पुलानं ओ दिली.