बिल्ला नंबर सात

सित्र्याच्या कारखान्यात आम्ही एकशे बारा बायका
आणि संडासाला जायचा बिल्ला एक.
पितळी. सात नंबरचा.
सुपरवायझरच्या पाठीमागे खिळ्याला टांगलेला.
आधीचे सहा कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही.

जूनपासून आम्ही पाणी पीत नाही.
म्हणजे पितो, ओठ ओले होण्यापुरतं.
ऑगस्टात धनमाया ओव्हरलॉकवरच आडवी झाली
तेव्हा कंपनीच्या कागदावर लिहिलं: उपवास असावा.

युनियनची सभा गुरुवारी, पाळी सुटल्यावर.
मला बोलावतात, कारण माझं अरबी अक्षर
मदरशात छडी खाऊन वळलेलं,
आणि चहाही बरा होतो.
कमिटीत नऊ जण. नऊही पुरुष. वाईट नाहीत.
कटिंगचा जासिम माझ्या थकलेल्या पगारासाठी
तीनदा लेबर खात्यात जाऊन बसला होता.
तरी हजेरीत मी नऊच नावं लिहायची.
दारापाशी उभं राहणाऱ्यांना रकाना नव्हता.

विषय एक: बस. दोन: ओव्हरटाइम. तीन: रमजानच्या वेळा.
"आणखी काही?" अध्यक्ष म्हणाले, पेन खिशात घालत.

बतूल पुढे आली. चौदा वर्षं कॉलर शिवतेय,
तिच्याच गावातला कारखाना, तिच्याच देशाचा कायदा.
अबायाच्या आतून तिने बिल्ला काढला,
टेबलावर ठेवला. ठण्ण झालं.
कुणीतरी खाकरलं.
"हे सभेत कसं मांडायचं?
बायकांची वेगळी समिती करू. तुमचं तुम्ही बोला."

मी लिहून घेत होते.
"वेगळी"पाशी पेन अडकलं.
आमच्या दाभोळला जेट्टीवरचा माणूस म्हणायचा,
बायका मागच्या होडीत.
मागची होडी सुटायची नाही असं नाही. सुटायची.
बाजार उठल्यावर.

हे मी बोलले. पण मराठीत.
त्या खोलीत पहिल्यांदाच झालं असेल मराठी.
मग अरबीत सांगितलं, व्याकरण चुकवत.
नदीशाने मागच्यांना सिंहलीत सांगितलं,
आणि धनमाया काहीच न बोलता
खुर्ची ओढून बसली.
लोखंडी खुर्ची, फरशीवर केवढी किंचाळली.

जासिम हसला नाही. सरकला.

ठराव झाला असं म्हणता येणार नाही.
मतदान पुढच्या गुरुवारी, तेही नियम बघून.

सकाळी सुपरवायझर खिळ्याकडे बघत राहिला,
मग टेबलाखाली, मग आमच्या हातांकडे.
हात मशीनवर होते.
त्या दिवशी ज्या ज्या बाईला लागलं
ती उठली, गेली, आली.

बिल्ला सभेच्या वहीत आहे, पान एक्केचाळीस.
बतूलने जीन्सच्या दोऱ्याने शिवलाय,
उलट टाका घालून, उसवू नये म्हणून.
त्याच्याखाली हजेरी: तेरा नावं.
शेवटचं सफूरा मुकादम.
लिहिताना कपातला चहा सांडला थोडा.
पुसला नाही.