पाळी

पाळी हा शब्द आमच्या कारखान्यात
बायका एरवी हळू बोलतात,
पण फळ्यावर तो खडूने ठळक लिहिलाय:
कामाची पाळी, दर सोमवारी बदलेल.
खाली चार रकाने. फोडणी, सोलणी, निवड, भरणी.
फोडणी वाचून नवी बाई हसते.
दुपारपर्यंत तिला कळतं,
काजूबीची फोडणी नाकाला नाही, बोटांना लागते.

सोमवार येतो. ओलं फडकं फिरतं, तारीख बदलते,
आणि नावं पुन्हा तिथेच येऊन बसतात,
दांडीवरच्या कोंबड्या
काळोखातही आपापली जागा धरतात तशी.

रेजिना डायस फोडणीला, अकरा महिने.
पायाने दांडा दाबायचा, बी दुभंगायची,
सालीतलं तेल बोटांवर. वर राख, वर खोबरेल,
तरी कातडी जाते ती जातेच.
मी निवडीला, अकरा महिने,
खिडकीशी, जिथून वेंगुर्ल्याच्या बंदराची
दिसली तर एखादी डोलकाठी दिसते.
अख्खा पांढरा गर इकडे, पाकळी तिकडे,
तुकडा, करपट. हात पुसायला स्वच्छ फडकं.

खोबरेकर मुकादम म्हणतात,
"ज्याचा हात जिथे बसला."
माझा हात बसला, कारण माझ्या नणंदेचा नवरा
त्यांच्या भावाच्या बोटीत अर्ध्या भागीत आहे.
हे फळ्यावर लिहिलेलं नाही.
मी रोजावर, ती किलोवर.
तुटलेला गर तिच्या पैशांतून कापायचा
आणि ती चिठ्ठी लिहायची मी.
सव्वादोन किलो असले तर अडीच लिहायचे.
कोणी सांगितलं नव्हतं.
अडीच लिहायला सोपं पडतं, एवढंच.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी
ती पगाराला आली, माझ्या टेबलाशी थांबली,
ढिगातला एक गर उचलून परत ठेवला.
पांढऱ्यावर तिचा अंगठा उमटला, काळा,
रेषांसकट.
"ह्यो खयच्या डब्यात टाकतलंस गो?"
एवढंच. मग पिशवी उचलून गेली.

माझ्याकडे सात डबे होते.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी आले.
पुसलं आणि लिहिलं: फोडणी, माझं नाव.
निवड, रेजिना.
शेवंती गिरप म्हणाली, "खूळ लागला काय तुका?"
खोबरेकर काही बोलले नाहीत,
नुसते बघत राहिले, जसं कोणी
भरती किती चढते ते पायरीवर उभं राहून बघतं.

पहिल्या तासात मी पायाचा आणि हाताचा
मेळ तीनदा चुकवला.
बी फुटायची ती गरासकट.
अकरा महिने ज्याला मी 'नुसतं दाबणं' समजत होते
त्यात एक श्वास रोखायचा असतो,
तो कधी, ते तीच सांगू शकली असती.
मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
संध्याकाळी तिने माझी चिठ्ठी लिहिली:
तुटलेला, चार किलो दोनशे साठ ग्रॅम.
साठसुद्धा.
ना दया, ना सूड. तराजूत होतं ते.

रात्री सोलकढीत बोट बुडलं
आणि डोळ्यांत पाणी आलं.
नवऱ्याने विचारलं, हाताक काय लागला?
मी म्हटलं, काम.

बुधवारी फळा पुन्हा पूर्वीसारखा.
माल घसरला, खोबरेकर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.
मी भांडले. नीट भांडता आलं नाही,
नणंदेचं नाव मध्येच आलं, आवाज चिरकला.
शेवटी शनिवार मिळाला.
एक दिवस. आठवड्यात एक.

तेव्हापासून शनिवारी ती खिडकीशी बसते.
डोलकाठी दिसते का, मी विचारलं नाही.
उरलेले पाच दिवस मी निवडते
आणि चिठ्ठीवर ग्रॅम लिहिते.
तो अंगठ्याचा गर
मी कुठल्याच डब्यात टाकला नाही.
डब्याच्या झाकणात ठेवलाय. वास येतो.
जेवताना बाजूला करावा लागतो.